संहितेत नसलेलं वाक्य

दिनकरराव,

तुम्ही गेल्यावर निघालेल्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर तुमचं वय छापलं होतं. ते वाचून मी माझं वय पुन्हा मोजलं. तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे होतात. आणि मी तुम्हाला पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत आलो. 'दिनकर, इकडं ये', 'दिनकर, तुझं पाठ झालं का?' आणि तुमच्याकडून, 'व्हय सर', 'आलो की सर.' मी शाळामास्तर होतो म्हणून तसं झालं, असं स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. तुमच्या वस्तीबाहेरची माणसं तुमच्याशीच काय, तुमच्या वडिलांशीही तशीच बोलत आली. मी त्यांच्यातला नाही असं मी धरून चाललो होतो, एवढंच. म्हणून इथं तुम्हाला अहो-जाहो करणार आहे. हाताला सवय नाही, अवघडल्यासारखं होतंय. होऊ दे.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आपलं कलापथक चालवणाऱ्या संस्थेचे लोक माईकवर बोलले. 'कलेच्या माध्यमातून शाश्वत सामाजिक व आर्थिक विकास' हे शब्द चारपैकी तिघांच्या भाषणात आले. तुमचा फोटो समोर होता आणि मला तुमचं जुनं बोलणं आठवत होतं. शाहूपुरीतल्या कचेरीत मी प्रकल्पाची माहिती वाचून दाखवत होतो. तुम्ही मध्येच विचारलंत,

"शाश्वत म्हंजी काय वो सर?"

"टिकणारं."

"मग टिकणारं म्हणा की." आणि थोड्या वेळानं, न पेटवलेली विडी बोटांत फिरवत, "आमचं भंतेजी तर सांगत्यात, सगळं अनित्य हाय. टिकत कायबी न्हाय. तुमी ह्ये टिकणारं आणलं कुठनं?"

ढोलकीवाले बाबूभाई इतके हसले की त्यांचा चहा सांडला. मीही हसलो. पण मनात म्हणालो, हा माणूस प्रकल्पाची टिंगल करतो, याच्यावर लक्ष ठेवायला पाहिजे. माझा स्वभावच तसा. वर्गात पोरं हसली तरी मला वाटायचं, मलाच हसली.

त्या सभेत पहिल्या रांगेत, ज्यांनी तुम्हाला कलापथकातून काढलं त्यांच्यापैकी दोघं बसले होते. तिसरा मी. भाषणं ऐकताना मी त्या दोघांकडं बघत होतो आणि विचार करत होतो, यांना खरंच वाईट वाटतंय का? मग लक्षात आलं की तेही माझ्याकडं बघताहेत.

मुद्द्याचं आधी लिहून टाकतो, नाहीतर मी पुन्हा आडवळणानं जाईन. ज्या एका वाक्यावरून तुम्हाला काढलं, त्या वाक्यातली माहिती तुम्हाला मी दिली होती. तुमच्या बहिणीनं नाही. कुठल्याही पार्टीनं नाही. मी.

संस्थेनं स्मरणिकेसाठी माझ्याकडून दोन पानं मागितली आहेत. विषयही दिला आहे, तुमच्या कलेनं बदललेली गावं. त्यांच्याकडं हाच मजकूर पाठवणार आहे. ते तो छापणार नाहीत असा मला संशय आहे, म्हणून एक प्रत दुसरीकडंही देणार आहे.

कलापथक नव्वदच्या दशकात उभं राहिलं. बिनधुराच्या चुली, झाडं, बायकांचे बचत गट, पिण्याचं पाणी, असे विषय. गाण्यातून सांगितलं की गावाच्या गळी उतरतं, असं आम्हा शिकलेल्यांचं मत. तुम्ही गवंडीकाम करायचात आणि जयंतीला गायचात. तुमचा आवाज ऐकून मीच तुम्हाला बोलावलं. मी लिहिलेल्या पहिल्या संहितेची सुरुवात दवंडीनं होती. तुम्ही हलगी वाजवत यायचं आणि 'ऐका हो ऐका' म्हणायचं. मला ती कल्पना फार अस्सल वाटली होती. तुम्ही कागद खाली ठेवलात.

"ह्ये मी करणार न्हाय."

"का? लोककलाच आहे ती."

"तुमच्यासाटनं कला. माझा बा गावचा तराळ व्हता, सर. हुकूम आला की उन्हातान्हात हलगी बडवत फिरायचा. त्याच्या बदल्यात शिळी भाकरी. छप्पन साली दीक्षा घिऊन घरी आला आन सवताच्या हातानं ती हलगी फोडली त्यानं. आता तुमच्या विकासासाटनं मी ती परत गळ्यात अडकवू व्हय?"

मी म्हणालो, काळ बदललाय, आता त्यातला मान ओळखला पाहिजे. तुम्ही म्हणालात, "मग मान बी तुमी घ्या आन हलगी बी तुमीच वाजवा. बघू गाव काय म्हणतंय."

हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. चहाच्या गाड्यावर कितीदा तरी निघाला. खरं सांगायचं तर मला तुमचं अजूनही पुरतं पटलेलं नाही. हलगी फोडली, पण तुमच्या वडिलांच्या हातातलं कसब फोडता येतं का? ते जायला नको होतं असं मला वाटतं. मात्र ते राखायला मी दुसऱ्याचा गळा शोधत होतो, हेही खरं. एवढं तुमच्यासमोर कबूल केलं असतं तर वाद कदाचित पुढं सरकला असता.

दवंडीच्या जागी तुम्ही पावण्याचं सोंग आणलंत. खांद्याला पिशवी, पायात धुळकट वहाणा, आणि स्टेजवरून न येता लोकांच्या मागून यायचं. "पावणं, शाळंकडं कुठनं जायाचं वो?" लोक आधी हसायचे, मग खरंच वाट सांगायचे.

"सरळ जावा, मग डावीकडं."

"डावीकडं कशाला धाडतोस रं? तिथं गटार फुटलंय, पावणं पडंल की!"

"गटार फुटून दोन वर्सं झाली, मेंबरला दिसंना व्हय?"

वाट सांगता सांगता गाव भांडायला लागायचं, आणि अर्ध्या तासात गावाचं सगळं दुखणं मैदानात उघडं पडायचं. माझी गाणी त्यानंतर कुणी ऐकत नव्हतं. बाहेरून आलेल्या साहेबांना ही रीत फार आवडली. त्यांनी ती लिहून मागितली, मी लिहून दिली, आणि अहवालात 'संकल्पना' या शब्दापुढं माझं नाव लागलं. तुम्ही तो अहवाल बघितलात की नाही, मला माहीत नाही. बघितला असेल असं वाटतं.

मला तेव्हा वेगळाच संशय होता. लोक इतकं मोकळं बोलतात म्हणजे तुम्ही आधीच कुणाला तरी पढवून ठेवत असणार. एकदा दुपारी तुमच्या मागोमाग गेलो. तुम्ही पिठाच्या गिरणीपाशी पायरीवर बसून होतात आणि बायकांचं बोलणं ऐकत होतात. तासभर फक्त ऐकत होतात. मी गुपचूप परत आलो. संध्याकाळी तोंडाला रंग लावताना तुम्ही म्हणालात,

"सर, गिरणीवर आलतासा न्हवं? आत यायचं की. दळण न्हवतं म्हणून लाजलासा व्हय?"

आता त्या गावाचं. भोगावतीच्या खोऱ्यातलं गाव. नाव लिहीत नाही, आजच्या पोरांचा त्यात दोष नाही. तुमची धाकटी बहीण त्या गावात दिलेली. तिथं नवीन नळपाणी योजना आली होती आणि पाणी वाचवा असा आपला प्रयोग व्हायचा होता. आठवडाभर आधी मी तारीख ठरवायला गेलो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर योजनेचा नकाशा लावला होता. लाल रेघ गावातून निघून तुमच्या लोकांच्या वस्तीपर्यंत गेली होती. परत येताना मी मुद्दाम त्या वाटेनं चालत आलो. पाइप पाणी समितीच्या अध्यक्षांच्या, म्हणजे आप्पांच्या उसाच्या बांधापाशी संपला होता. पुढं वस्तीपर्यंत नुसतं गवत.

मी कुणाला काही विचारलं नाही. गाडी धरून घरी आलो.

प्रयोगाच्या दिवशी आपण एसटीत शेजारी बसलो होतो. मी म्हणालो, "दिनकर, नकाशात लाल रेघ वस्तीपर्यंत आहे. पाइप आप्पांच्या बांधाशी थांबलाय."

तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. "तुमी सवता बगितलं?"

"दोन्ही बघितलं."

"मग मिटिंगमधी बोला की."

"मी कसा बोलणार? संस्थेचे संबंध आहेत."

"मंजी मी बोलायचं."

"मी तसं म्हणालो नाही." आणि दोन थांबे गेल्यावर मीच म्हणालो, "माझं नाव मात्र यायला नको."

"न्हाय येणार," तुम्ही म्हणालात.

पुढं मी समाजात कलेचं काम काय, यावर बरीच व्याख्यानं दिली. त्या गाडीत जे कळलं ते एकाही व्याख्यानात सांगितलं नाही. जे बोललं जावं असं आपल्याला वाटतं, पण अंगावर घ्यायचं नसतं, ते आपण कलावंताच्या तोंडी देतो. अंगलट आलं की म्हणतो, कलावंत तो, वाहवत गेला.

शाळेच्या मैदानावर उन्हं कलताना प्रयोग सुरू झाला. तुम्ही मागून आलात आणि वस्तीची वाट विचारलीत. लोकांनी सांगितली.

"तिथं प्यायला पाणी मिळंल का वो?"

मागं वस्तीतल्या बायका बसल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "कुठलं रं बाबा? हिरीवनंच आणतोय अजून."

"आं? नकाशात तर लाल रेघ हाय म्हणं तुमच्या दारापतुर!"

पहिल्या खुर्चीवरून आप्पांनी विचारलं, "ए, नकाशा कुणी दावला तुला?"

"पावण्याला कोण दावतंय, आप्पा? वाटंवर पडला व्हता. गावाला नको असंल म्हटलं, उचलला."

मागची सगळी बाजू हसली. मी कडेला संहितेची पानं धरून उभा होतो. तुम्ही एकदाही माझ्याकडं बघितलं नाहीत. मला वाटलं, काय सफाईदार नट आहे. तुम्ही शब्द पाळत होतात, हे कळायला मला फार वर्षं लागली.

त्याच आठवड्यात आप्पा कचेरीत आले. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती. "तुमचा सोंगाड्या विरोधी पार्टीनं फोडलाय," ते संस्थेच्या अध्यक्षांना म्हणाले. अध्यक्षांनी मला विचारलं, "सर, हे वाक्य तुमच्या संहितेत होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

हे खरं होतं. संहितेत नव्हतंच.

"मग त्याला कळलं कुठून?"

इथं मला सांगता आलं असतं. अध्यक्ष फार तर रागावले असते, आप्पांनी आवाज चढवला असता. माझी शाळेची नोकरी वेगळी होती, तिला धक्का नव्हता. जाणार होता तो थोडा मान. मी म्हणालो, "त्याची बहीण त्या गावात दिलेली आहे."

एवढंच. तिनं सांगितलं, असं मी म्हणालो नाही. मास्तर माणूस मी, वाक्य अर्धं कुठं सोडायचं ते मला चांगलं कळतं. उरलेलं अर्धं आप्पांनी गावात जाऊन पुरं केलं.

तुम्हाला काढल्याचं पत्र मीच लिहिलं. त्यात 'शिस्त' हा शब्द दोनदा होता. तिकडं गावात तुमच्या मेहुण्याला कुणी शेतात भांगलणीला बोलवेना, ऊसतोडीच्या टोळीत घेईना. बहिणीला बायका म्हणायच्या, घरचं भावाला सांगतीस आन भाऊ गावाला नागवं करतोय. दिवाळीच्या आत ती दोघं घराला कुलूप लावून इचलकरंजीला यंत्रमागावर गेली.

आणि वाक्य मात्र वाया गेलं नाही. गवगवा झाला, तालुक्याचे साहेब येऊन बघून गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात वस्तीत नळ आला. आम्ही तिथं जाऊन फोटो काढला, बायका घागरी भरताना. 'कलापथकाच्या प्रभावी सादरीकरणामुळे' असं त्याखाली लिहिलं. तेही खरंच होतं. त्या फोटोत तुमची बहीण नव्हती, तुम्ही नव्हतात. मी होतो, डाव्या कडेला.

त्यानंतर आपण भेटत राहिलो, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. बिंदू चौकाजवळच्या गाड्यावर चहा. माझ्या गच्चीची गळती तुम्हीच काढलीत, दोन दिवस उन्हात बसून. प्रत्येक भेटीत मला वाटायचं, हा आज विषय काढणार. मी उत्तरं तयार ठेवून यायचो. तुम्ही हलगीवरून भांडायचात, सिमेंटच्या भेसळीवर बोलायचात, आणि 'येतो की सर' म्हणून निघून जायचात. मी घरी येऊन विचार करायचो, याच्या मनात काय आहे? हा काही राखून ठेवतोय का?

बाबूभाईंकडून कळायचं की बहीण तुमच्याशी बोलत नाही. तिनं तुम्हाला विचारलं होतं, दादा, तुला कुणी सांगितलं? तुम्ही म्हणालात, वाटंवर पडलं व्हतं. तिला वाटलं, स्वतःला वाचवायला तुम्हीच तिचं नाव पुढं केलंत. भाचीच्या लग्नात तुम्ही मागं उभं राहून फुलं टाकलीत आणि न जेवता परतलात, हेही बाबूभाईंनीच सांगितलं. मी 'अरेरे' म्हणालो. दुसऱ्याच दिवशी आपण चहा प्यायलो. 'दिनकर, आता माझं नाव सांग तिला,' एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर तुम्ही त्या संध्याकाळी इचलकरंजीची गाडी धरली असतीत. मी साखर कमी सांगितली.

ते अर्धं वाक्य माझं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला संशय आहे, होतं. पुरावा एकच आहे. इतक्या वर्षांत माझ्यासमोर तुम्ही बहिणीचा उल्लेख एकदाही केला नाहीत.

पुण्यानुमोदनाच्या पंगतीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "सर, तुमी तर तवा तिथंच व्हतासा. त्यो नकाशा मी कदी बगितला बी न्हाय. दादाला कुणी सांगितलं वो?" मी वाढप्याकडं आमटी मागितली. ती थोडा वेळ थांबली आणि पुढं गेली.

मग मी इथवरची पानं लिहिली आणि परवा दुपारी इचलकरंजीला गेलो. तुमच्या मेहुण्याच्या माघारी ती एकटीच असते, मागाच्या शेडला लागून एक खोली आहे. मी वाचायला सुरुवात केली. दोन ओळींत तिनं थांबवलं.

"मोठ्यानं वाचा. मागाचा आवाज हाय."

म्हणून हे सगळं मी ओरडून वाचलं. शेडमधले दोघं कामगार दारात येऊन उभे राहिले. तिनं त्यांना जा म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "शब्द दिलता म्हणून गप बसला त्यो?"

"होय."

"माझ्याजवळ बी?"

"होय."

"आन तुमी? एवढी वर्सं त्याच्यासंगं च्या पीत हुतासा. मोकळं का केलं न्हाय त्याला?"

"भीती वाटत होती."

"कशाची? तुमच्या दारचं काम कोण बंद करणार हुतं?"

मी पानं जुळवत राहिलो. ती रडली नाही. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "मी लई बोलले वो त्याला. शेवटी दवाखान्यात गेलते, तर भिताडाकडं तोंड करून बसले. त्यो हाक मारत हुता. 'बाय' म्हणून."

मग तिनं पानं मागून घेतली. सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचते ती. तिसऱ्या पानावर थांबली.

"ह्यात समदीकडं नुस्तं बहीण, बहीण. माझं नाव कुठं हाय?"

"वाटलं, पुन्हा तुमचं नाव यायला नको."

"तवा बरं आलं? गावानं एवढी वर्सं माझंच नाव घेतलं की. आता चांगलं लिवायची पाळी आली तर नुस्ती भन? लिवा. पुरं नाव लिवा." आणि बोट खाली सरकवून, "आन तुमचं बी. सर सर नको."

तिच्याच जमिनीवर बसून, ती बघत असताना, मी पुढचं लिहिलं.

त्या नकाशाबद्दल शेवंता मारुती कांबळे यांनी आपल्या भावाला काहीही सांगितलं नव्हतं. मी, सदाशिव गणपती पाटील, यानं सांगितलं होतं.